उमेदवारीच्या कडवट लढतीत अल्पसंख्य नेत्यांनी कसे वागावे?

कोथरूडकर (प्रश्न): अमेरिकेत २००८ साली बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत वंशाच्या प्रश्नावरून कडवट झाली. अशा वेळी कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींनी समाजाचा कौल मानावा, की आधी दिलेला शब्द पाळावा?

नारायणपेठी: कृष्णवर्णीय खासदार जॉन लुइस यांनी आधी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता, जॉर्जियातील त्यांच्या मतदारसंघाने ओबामांना भरभरून मते दिल्यावर त्यांनी फेब्रुवारीअखेर बाजू बदलली. हा संधिसाधूपणा नव्हे, पण मतदारांच्या मागून चालणे म्हणजे नेतृत्व, हेही मला पटत नाही. त्यापेक्षा दुसरे कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न मला अधिक जबाबदार वाटतात, कारण हिलरींचे पती, माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रचारातील वक्तव्यांबद्दल उघड नापसंती व्यक्त करूनही त्यांनी ओबामांना आपला पाठिंबा थेट ३ जूनला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांच्या अखेरच्या दिवशी, जाहीर केला.

येरवड्याचा रहिवासी: तटस्थता पक्षात वजन असलेल्यालाच परवडते. आपल्या येरवडा तुरुंगात १९३२ साली झालेल्या पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती (हे सहसा कुणी सांगत नाही): राखीव जागेसाठी दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतील एकाची अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाने करायची. त्यामुळे स्वसमाजात पहिला आलेला नेता पुढे हरू शकत असे. दोन्हीकडे मान्य होण्याचा हा ताण लक्षात न घेता लुइस यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

नारायणपेठी: तुलना पूर्ण जुळत नाही, लुइस यांना त्यांच्याच मतदारांनी कौल दिला होता. पण क्लायबर्न यांच्याविषयीचे माझे मत मी पुन्हा तपासेन.