जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीवर ६५ इंची टीव्ही: मदत हवी आहे

भिंतीला_कान:
मंडळी, चार दिवस हॉलमध्ये एक भलामोठा खोका उभा आहे आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून ये-जा करतायत. आत ६५ इंची टीव्ही आहे. तो लावायचा कसा, हे कोणी सांगेल का?

फ्लॅट वाकडला, रीसेलमध्ये घेतलेला. आधीच्या मालकांनी हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून पलीकडे एक खोली काढलीय, तिथे आता मुलगी अभ्यास करते. टीव्हीला हीच भिंत उरते. समोर बाल्कनीचं सरकतं दार, आणि तिसऱ्या भिंतीवर लावला तर दुपारभर पडद्यावर ऊन.

बसवायला आलेल्या मुलानं भिंतीवर दोनदा टिचकी मारली, "सर, पोकळ आहे, मी ड्रिल नाही मारणार" म्हणाला, कागदावर सही घेतली आणि गेला. खरं तर बरंच झालं. सोसायटीत येणारा इलेक्ट्रिशियन "चार लांब गिट्ट्या मारतो, काही होत नाही" म्हणत होता. अशाच गिट्ट्यांवर (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची बुचं) गेल्या दिवाळीत मुलीच्या खोलीत पुस्तकांची फळी लावली होती. पाच महिन्यांनी एका रात्री धाडकन खाली. गिट्टी स्क्रूसकट निघाली आणि येताना बोर्डाचा बशीएवढा तुकडा घेऊन आली. भोकाच्या कडेला कागद लोंबत होता, आत बोट घातलं तर नुसती हवा.

मोजमापं देऊन ठेवतो. टीव्ही स्टँडशिवाय २२ किलो. ब्रॅकेटसाठीची मागची भोकं ४०० बाय ३०० मिलिमीटरवर. स्विचबोर्डाची प्लेट काढून पाहिलं: साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड, मध्ये पाच सेंटिमीटर पोकळी, मग पलीकडचा बोर्ड. फ्रिजवरचा चुंबक भिंतीवरून फिरवला तर तो उभ्या रेषांत चिकटत गेला, दोन रेषांमध्ये साधारण २४ इंच. यूट्यूबवर सगळे हे अंतर १६ इंच म्हणतात आणि खुशाल लाकडात स्क्रू पिळतात. आमच्याकडे बोर्डाच्या मागे आधाराला पत्र्याचं उभं चॅनल आहे. ब्रॅकेट मी आधीच घेऊन बसलोय, पुढे ओढून वळवता येणारा. आईला डायनिंग टेबलावर भाजी निवडताना मालिका दिसायला हवी म्हणून.

चॅनलमध्ये स्क्रू मारून भागेल का? ते बटरफ्लाय बोल्ट खरंच एवढं वजन धरतात का? भिंत फोडायची नाहीये. मुलीची दहावी आहे, मार्चपर्यंत घरात धूळ नको.

खमंग:
टेबलावर ठेवा. आमचा २००९ पासून टेबलावर आहे, कोणी दगावलं नाही.

एडिसनकर:
इकडे न्यू जर्सीत आतल्या भिंती बहुतेक अशाच. स्टड, म्हणजे आतले उभे लाकडी दांडे, शोधायचे, दोन स्टडमध्ये मिळून चार लॅग स्क्रू (लाकडात पिळायचे जाड स्क्रू) मारायचे, झालं. आमचा ६५ इंची सात वर्षं जागचा हललेला नाही. उगाच घाबरताय.

रंधा:
एडिसनकर, तुमच्या भिंतीत दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल लाकूड उभं असतं. इथल्या पार्टिशनच्या चॅनलचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात लॅग स्क्रू म्हणजे बिस्किटाच्या डब्याला खिळा. आटे एकदा फिरले की पकड गेली.

भिंतीला_कान, इंटिरियरची कामं करतो म्हणून सांगतो, तुमचा खरा घोळ वजनाचा नाही, त्या ब्रॅकेटचा आहे. टीव्ही ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि भिंतीवरच्या प्लेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर असलं, तर २२ गुणिले ५० भागिले २०, म्हणजे ५५ किलोची ओढ वरच्या बोल्टांवर. तीही खाली नाही, भिंतीतून बाहेर. तोच टीव्ही भिंतीलगत सहा सेंटिमीटरवर असेल तर ही ओढ साडेसहा किलो. बटरफ्लाय बोल्ट वाईट नाहीत, बोर्डाच्या मागे पंख पसरून धरतात. पण ते तुटायच्या आधी बोर्ड फाटतो, तुमच्या फळीनं दाखवलंच की.

आम्ही काय करतो, १९ मिलिमीटरचा प्लाय घ्यायचा, पूर्ण आठ बाय चारचा, आणि तो जमिनीवर उभा टेकवायचा. वजन जमिनीवर, भिंतीनं फक्त तोल धरायचा. चुंबकानं काढलेल्या रेषांवर वरपासून खालपर्यंत फुटाफुटावर स्क्रू. चार फुटांत दोन चॅनल तरी मिळतातच. ब्रॅकेटचे नटबोल्ट प्लायमधून आरपार, नट मागून, प्लाय उभा करायच्या आधी बसवायचे. वर लॅमिनेट लावलं की मुद्दाम केलेला पॅनल वाटतो. कापाकापी खाली पार्किंगमध्ये करून घ्या, घरात चमचाभर धूळ होईल.

स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली स्क्रू नको, वायरी तिथूनच जातात. आणि काम सुरू करण्याआधी एमसीबी पाडा.

तळमजला:
वाचणाऱ्यांसाठी एक. पुण्यातल्या नव्या इमारतींत पुष्कळदा ब्लॉकवर जिप्सम प्लास्टर असतं, त्यालाही लोक 'जिप्समची भिंत' म्हणतात. बारीक ड्रिलनं कोपऱ्यात भोक पाडून बघा. अर्ध्या इंचात ड्रिल सुटलं तर बोर्ड. पांढरी-करडी भुकटी येतच राहिली तर बहुधा हलका ब्लॉक, त्याला वेगळे अँकर लागतात.

भिंतीला_कान:
रंधा, ५५ किलोचा हिशोब वाचून ब्रॅकेट परत करून आलो, भिंतीलगतचा साधा घेतला. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मी दिवाणावर बसून निवडीन भाजी, त्यात काय एवढं." हे आधीच विचारायला हवं होतं.

सुतार रविवारी येतोय. पण खाली टाइलचं स्कर्टिंग एक सेंटिमीटर पुढे आहे, प्लाय भिंतीला टेकणार कसा? स्कर्टिंग फोडू का?

रंधा:
अजिबात फोडू नका. प्लायच्या मागे चॅनलच्या रेषांवर १२ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या मारा. प्लाय स्कर्टिंगच्या पुढे जमिनीवर टेकेल आणि केबल त्याच फटीतून खाली उतरेल. स्क्रू मात्र ५० मिलिमीटरचे आणा आणि पट्टीवरच मारा. पट्टी सोडून मारलात तर प्लाय आत ओढला जाऊन बाक येईल.