पिकअप डावीकडे कलते: पुढचा टॉर्शन बार आवळू की मागचे पाटे बघू?

खाडीकाठ, देवगड

मंडळी, जरा सल्ला हवा आहे. माझी जुनी सिंगल केबिन पिकअप आहे. पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगसारखा भार पेलणारा पोलादी दांडा), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). बंदरावरची बर्फातली मासळी फोंडा घाटाने कोल्हापूरला नेतो, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढीच काय ती गाडीच्या पोटात हात घालायला सवड.

मार्चपासून गाडी डाव्या अंगाला कलते. पहिल्यांदा वडलांच्या लक्षात आलं. मी घाटी उतरून येत होतो, ते समोर उभे होते. म्हणाले, "रे, गाडी डावीकडे कलली हा, बघलंस मां?" एका गॅरेजात दाखवली. तिथे काहीही न मोजता डाव्या टॉर्शन बारचा बोल्ट चार फेरे आवळून दिला. रिकामी गाडी सरळ दिसायला लागली, मी खूश. पण माल भरला की पुन्हा डावीकडे. शिवाय आता डावं पुढचं चाक खड्ड्यातून बाहेर पडताना ठक्क करतं, आणि त्या टायरची बाहेरची कड झिजायला लागली आहे.

काल मांगरात नीट मोजलं. जमीन सारवलेली, वरखाली. म्हणून गवंड्याकडून पाण्याचा लेव्हल पाइप आणला, चारही चाकांखालची पातळी काढली, खोलगट होतं तिथे फळ्या सारल्या. हवा सारखी केली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं अशी: पुढे उजवीकडे ५०.५ सेंमी, डावीकडे ५०. मागे उजवीकडे ५६.५, डावीकडे ५५. मे महिन्यात भरलेल्या गाडीचं मागचं माप घेतलं होतं, तेव्हा डावी बाजू जवळजवळ ४ सेंमी खाली होती.

आता डावा बोल्ट अजून दोन फेरे आवळू का? की मागे एक जादा पाटा घालू?

पाटेवाला, कुडाळ

दोन्हीपैकी काहीच करू नका. मोजलंत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. रिकामी असताना मागे दीड सेंमीचा फरक, भरल्यावर चार. नुसती उंचीची जुळणी बिघडली असती तर फरक बहुतेक तेवढाच राहिला असता. वजनाबरोबर वाढतोय म्हणजे त्या बाजूची ताकदच कमी झाली आहे. माझ्या मते मागचा डावा पाटा मोडलाय.

खात्री करायची असेल तर असं करा. पुढच्या चाकांना दगड लावा. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीच्या, म्हणजे क्रॉस मेंबरच्या, बरोबर मध्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने चासी उचला, पाट्यांवरचा भार सुटेपर्यंत. आता गाडीची मागची बाजू एका टोकावर तोललेली आहे. या स्थितीत पुढे जो कल दिसेल तो फक्त पुढच्या भागाचा. गॅरेजवाल्याने डावीकडे चार फेरे जादा दिलेत, त्यामुळे मला वाटतं पुढची डावी बाजू उलट वर आलेली दिसेल. जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नका, मापं बाहेरूनच घ्या.

टॉर्शन बारबद्दल गैरसमज फार आहे. बोल्ट आवळला म्हणजे बार कडक झाला असं नाही. बारची ताकद त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरते, बोल्टने फक्त त्याची सुरुवातीची जागा सरकते. गाडी वर येते, पण चाकाला खाली जायला वाव कमी उरतो. तुमचं ठक्क तेच आहे, खड्ड्यातून सुटताना चाकाला धरणारा आर्म खालच्या रबरावर आपटतो. आर्म आणि चाक जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा कोनही वाढतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं तोंड) बदलतात, म्हणून टायरची कड गेली.

मोडलेला पाटा चटकन दिसत नाही. सगळ्यात वरचा मेन पाटा शाबूत असतो, खालचा दुसरा किंवा तिसरा जातो, तोही सगळे पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी, पाटे अॅक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टच्या खाली झाकलेला. तारेच्या ब्रशने घासा आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून बघा.

घाटवाट, रत्नागिरी

पाटेवाल्यांशी सहमत. जादा पाट्याबद्दल मी सांगतो, कारण मी ते केलंय. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भाड्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला होता. भरलेली गाडी छान. रिकामी परत येताना मात्र मागचं ढुंगण नुसतं उडायचं, आंबा घाटात ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तेव्हा धडा मिळाला. सहा महिन्यांत पाटे काढले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलवरून चासीकडे जाणारी एक बारीक दांडी असते, ती लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेली. मागची बाजू जेवढी बसेल तेवढा मागच्या ब्रेकला दाब जास्त. तुम्ही मागची उंची वाढवलीत तर माल भरलेला असूनही व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. फोंडा उतरताना हे परवडणार नाही. मागे काहीही बदललंत तरी ती दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा बसवून घ्या.

आणि रिकामी गाडी पुढे-मागे एका रेषेत आणायच्या फंदात पडू नका. पिकअपची मागची बाजू रिकामी असताना उंचच असते, माल भरल्यावर ती बसते. रिकामीच सपाट केली तर भरल्यावर नाक वर, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट. डावं-उजवं सारखं करा, पुढचं-मागचं भरलेल्या गाडीवर बघा.

खाडीकाठ, देवगड

पाटेवाले, तुमचे पाय धरायला कुडाळला येणार आहे.

जॅकची चाचणी केली. पुढे डावीकडचं माप उजवीपेक्षा दीड सेंमी जास्त निघालं. म्हणजे मागचा दोष पुढून झाकला होता. मग डावा मागचा पाटा घासला. खाऱ्या पाण्याने पाट्यांच्या मध्ये गंज इतका फुगलाय की पापुद्रे नखाने निघतात. सगळीकडे काळपट तपकिरी गंज, पण यू बोल्टच्या कडेला दुसऱ्या पाट्यावर केसाएवढी एक लाल रेघ. ताज्या गंजाची. यू बोल्ट सोडवले, सेंटर बोल्ट काढला, तर पाटा दोन तुकडे होऊन हातात आला. चिरेचा अर्धा भाग काळा, म्हणजे जुना. उरलेला अर्धा अजून चकचकीत होता.

डावीकडेच का, तेही कळलं. हौद्यात पाणी जायचं भोक डावीकडे, बरोबर पाट्याच्या वर. बर्फ वितळतो तसं मासळीचं खारं पाणी कोल्हापूरपर्यंत त्याच पाट्यावर ठिबकत होतं. किती वर्षं, कोण जाणे. हे बघून जीव चरकला. मागे टनभर माल आणि शेजारी माझा पुतण्या बसलेला असायचा.

आता दुसरा पाटा फक्त डावीकडे बदलू की दोन्हीकडे?

पाटेवाला, कुडाळ

दोन्हीकडे. एक बाजू ताजी आणि एक दमलेली ठेवलीत तर आता उजवीकडे कलेल. यू बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि पाट्याच्या टोकाच्या डोळ्यातले बुश बघा. यू बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, आणि चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळा.

पुढचा बोल्ट मागचं काम झाल्यावरच सोडा. आधी बाहेर किती आटे दिसतात ते लिहून ठेवा, रंगाची खूण करा. चाक लोंबकळत ठेवून, स्टँड लावून फिरवा, आट्यांना ग्रीस. अर्धा फेरा फिरवायचा, गाडी खाली घ्यायची, दोन-तीन किलोमीटर फिरवून आणायची, मगच माप. जागेवर मोजलंत तर आकडा खोटा येतो. बार बाहेर काढायची वेळ आलीच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, प्रत्येकाला एकाच दिशेच्या पिळाची सवय असते.

खाडीकाठ, देवगड

काम झालं. डावा बोल्ट साडेतीन फेरे मागे आला. रिकाम्या गाडीची मापं आता पुढे ५०.५ आणि ५०.३, मागे दोन्हीकडे ५७. मासळी नाही म्हणून शेजाऱ्याचे तीस चिरे भरून बघितलं, डाव्या-उजव्यात अर्ध्या सेंमीचा फरक. ठक्क बंद. ब्रेकची दांडी लावून घेतली, कणकवलीला अलाइनमेंट केलं, हेडलाइट भरलेल्या गाडीवर खाली केले.

हौद्याच्या भोकाला रबरी पाइप लावलाय, पाणी आता मागच्या बंपरच्या पलीकडे पडतं. वडलांनी आज पुन्हा समोरून गाडी बघितली. काही बोलले नाहीत, फक्त पाइप ओढून घट्ट आहे का ते तपासलं.