मऊ विटेच्या भिंतीतून केबलच्या क्लिपा निघून येताहेत, काय करावं?

नमस्कार मंडळी. घर सांगलीत, गावभागात. तळमजला आजोबांच्या वेळचा, चुन्यात बांधलेला. वरचा मजला वडिलांनी नंतर सिमेंटमध्ये चढवला. मागच्या बोळातल्या भिंतीला गिलावा नाही, विटा उघड्याच आहेत. तिच्यावरून गच्चीतून इंटरनेटची काळी केबल खाली येते, आणि तिच्या क्लिपा एकामागून एक सुटताहेत. परवा आई तुळशीला पाणी घालायला गेली तर केबलचा झोल बरोबर तिच्या गळ्याशी आला. तेव्हापासून रोज विचारणा चालू आहे.

पडलेली एक क्लिप उचलून नीट बघितली. प्लास्टिक उन्हानं पिवळं पडलंय, पण खिळा सरळ आहे, गंजही जेमतेम. टोकाला तांबडी भुकटी चिकटलेली. म्हणजे खिळ्यानं दगा दिला नाही, भिंतीनं सोडलंय. भोकात करंगळी घातली तर पेरभर आत गेली, आणि खालच्या कढीपत्त्याच्या कुंडीत कुंकवासारखी भुकटी सांडली.

आतापर्यंतचे उद्योग: पाऊण इंचीच्या जागी दीड इंची खिळा मारला, तर विटेचा कोपराच हातात आला. मग भोकात एम-सील भरलं. ते एक पावसाळा टिकलं आणि नंतर अख्खा गोळा विटेची साल घेऊन बाहेर. काडेपेटीच्या काड्या ठोकूनही झाल्या (हसू नका, आमच्या घरात हा उपाय वंशपरंपरागत आहे). केबलवाला येतो, दोन बोटं बाजूला नवीन क्लिप मारतो आणि जातो. त्यामुळे भिंत आता चाळणीसारखी दिसते.

अजून एक गोष्ट. 2019 च्या पुराचं पाणी या भिंतीला छातीपर्यंत होतं. तिथपर्यंत दर उन्हाळ्यात पांढरा लोणा फुटतो आणि वीट नखानंसुद्धा खरवडली जाते. त्या रेषेच्या वर टिचकी मारली की बरा आवाज येतो.

तर खिळा विटेत मारायचा की दरजेत (दोन विटांमधल्या सांध्यात)? मोठं झालेलं भोक कशानं भरायचं? आणि ठोकाठोक कमीत कमी हवी, कारण भिंतीपलीकडं शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे. इकडं हातोडा पडला की तिकडं बरण्या वाजतात, मग बोलणी मला बसतात.

प्रतिसाद १: आधी सांगा, फायबर आहे की तांब्याची तार? फायबर असेल तर क्लिपेत आवळू नका आणि काटकोनात वळवू नका, गोलाईनं फिरवा. आणि कधी लाईटची वायर असेल तर मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

विटेत की दरजेत, याचं एकच उत्तर नाही. चावीच्या टोकानं दोन्हीकडं ओरखडा काढून बघा. सिमेंटच्या बांधकामात बहुतेक वेळा दरज विटेपेक्षा टणक निघते, तिथं दरजेत धरा. जुन्या चुन्यात उलटं असतं. दरज भुसभुशीत असते, तिथं विटेच्या मधोमध जा. कडेला गेलात की कोपरा उडणारच.

प्रतिसाद २: मी साताऱ्याचा, वायरमनकीत आयुष्य गेलं. मऊ विटेत खिळा ठोकणं हीच चूक आहे. प्रत्येक ठोक्याला भोकाचं तोंड रुंद होतं, खिळा नुसता भुकटीत उभा राहतो. ड्रिल घ्या, पण हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा. काकूंच्या बरण्यापण वाजणार नाहीत. सहा एमएमचा बिट, दीड-दोन इंच खोल. भुकटी फुंकून काढा, नाहीतर प्लग तिच्यावरच घसरतो. मग रावळ प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि त्यात स्क्रू. स्क्रू हातानं पिळा, जड लागलं की थांबा.

मोठ्या झालेल्या भोकाला पूर्वी आम्ही लाकडी गिट्टी बसवायचो. सागाचा तुकडा निमुळता तासायचा, भोक ओलं करायचं, गिट्टी घालून कडेनं चुना भरायचा. बॅटन पट्टीचं (लाकडी पट्ट्यांवरचं) वायरिंग त्याच्यावरच उभं असायचं. चुन्याच्या भिंतीत निव्वळ सिमेंट कोंबू नका. ते टणक राहतं, भोवतीची वीट सुटते आणि गोळा बाहेर येतो. तुमच्या एम-सीलचं तेच झालं.

प्रतिसाद ३: पुराच्या रेषेखाली भोकं पाडूच नका हो! लोणा लागलेली वीट काही धरणार नाही. केबल उभीच आहे ना? मग वीस एमएमचा पीव्हीसी पाईप घ्या, खालचं टोक फरशीवर टेकवा आणि केबल आतून सोडा. वजन फरशी घेते. भिंतीला फक्त पाईप पडू द्यायचा नाही, त्याला वरच्या चांगल्या भागात दोन-तीन साडल (पाईप भिंतीशी धरणाऱ्या पट्ट्या) पुरे. खालून बाहेर येताना केबलला थोडा झोल ठेवून मग घरात घ्या, म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जाईल, घरात शिरणार नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. फायबरच निघाली. टोकाच्या हिरव्या कनेक्टरला चिकटपट्टी गुंडाळून ती रविवारी पाईपातून ओवली. दोन साडल सिमेंटच्या मजल्यावर दरजेत बसवले, ते दगडासारखे घट्ट. तिसरा रेषेच्या वर चुन्यातल्या विटेत, हॅमर बंद ठेवून. बिट लोणी कापावं तसा आत गेला, तेव्हाच शंका आली होती. प्लग स्क्रूबरोबर गरागरा फिरायला लागला. मग साताऱ्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या चौकटीच्या तुकड्याची गिट्टी तासून चुन्यात बसवली आहे. स्क्रू अजून लावलेला नाही, तोवर पाईप सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलाय.

काका, चुना किती दिवस वाळू द्यायचा? आणि भिंतीवरची जुनी पंधरा-वीस भोकं त्याच चुन्यात विटेची भुकटी कालवून बुजवली तर चालेल ना? कुंडीत साठलेली आहेच.