बटन, कट की हॅमर फोर्ज? नवीन बॅरल घ्यायचंय

कागदफाड्या: .३०८ टार्गेट रायफलच्या बॅरलमधले चेंबरपुढचे (काडतूस बसतं त्या खणापुढचे) आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा, जळून गेलेत, ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) पसरायला लागलाय. नवीन बसवायचं म्हणून विचारत सुटलो, तर आटे पाडायच्या पद्धतीवरूनच वाद: एक म्हणतो कट रायफलिंगशिवाय हात लावू नकोस, दुसरा म्हणतो बटनच बरं, आणि रेंजवरचे एक काका ‘हॅमर फोर्ज मरत नाही’ म्हणून हटून बसलेत. मला ३०० मीटरवरून कागदाला भोकं पाडायचीत, एवढंच. फरक नेमका कशात आहे?

लेथवाला: टूलरूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून यंत्राच्या बाजूनं सांगतो. .३०८ मध्ये उंचवट्यांवर व्यास ७.६२ मिमी, खाचांत ७.८२. म्हणजे खाच जेमतेम ०.१ मिमी खोल. एवढं भांडण तेवढ्यासाठी!

कटमध्ये एकच दात नळीतून पुन्हा पुन्हा ओढतात, दर खेपेला केसाहून पातळ कीस निघतो. शेकडो खेपा, डोकेदुखी काम, पण धातूत ताण भरत नाही. बटन म्हणजे कार्बाइडचं उलट्या आट्यांचं बोंड. ते एकदा ओढलं की सगळ्या खाचा तयार, वर पृष्ठभाग गुळगुळीत. गोम अशी की इथे धातू कापला जात नाही, रेटला जातो, आणि तो ताण आत दबा धरून बसतो.

मी स्वतः फसलोय. बटनचं एक बॅरल हौसेनं बाहेरून कातून सडपातळ केलं. मग शिशाची गोळी आतून ढकलून पाहिली. मागे घट्ट, अर्ध्यापर्यंत घट्ट, आणि तोंडाशी सळकन सुटली. वरची साल निघाली तसं आतलं भोक उमललं होतं. भट्टीत ताण काढलाय का, हे आधी विचारायचं सुचलं नाही, चूक माझीच.

घणाघाती: काकांचं अगदीच चूक नाही. फोर्जमध्ये उलट्या आट्यांच्या मँड्रेलवर (आत घातलेल्या कडक दांड्यावर) नळी चारी बाजूंनी ठोकतात, हवं तर चेंबरही त्याच झटक्यात. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे तंत्र उचललं, कारण मशीनगनला बॅरल ढिगानं लागत. स्टायर-मॅनलिखरच्या काही रायफलींवर हातोड्यांचे पीळदार ठसे तसेच ठेवलेले दिसतात, मला फार आवडतात. टिकाऊपणाला तोड नाही. मात्र बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे) बहुतेक कट नाहीतर बटनच लावतात.

कागदफाड्या: म्हणजे विकणाऱ्याला काय विचारू?

लेथवाला: बटन असेल तर खाचा पाडल्यावर ताण काढलाय का, आणि आतून हातानं लॅपिंग (बारीक घासून गुळगुळीत करणं) झालंय का. दोन्हीला ‘हो’ आलं तर बिनधास्त बटन घे, कटसाठी जास्तीचे पैसे घालू नकोस. बाहेरून फ्लूट (वजन कमी करायला लांब खाचा) पाडून घ्यायचा विचार असेल तर मात्र कटच. आणि गोळी कुठली वापरतोस? १६८ ग्रेन वजनाच्या गोळीला १२ इंचांत आट्यांचा एक पूर्ण फेरा, म्हणजे एक पीळ, पुरतो, २०० ग्रेनच्या पुढे जाणार असशील तर १० इंचांचा बघ.