मदत हवी आहे : अनुभवावर मिळणारी पदवी खरी असते का?

नमस्कार मंडळी. माझे दीर बारावी पास, अंधेरीच्या एमआयडीसीत बरीच वर्षं सुपरवायझर आहेत. कामात हुशार, पण मॅनेजरच्या जागेला कंपनी पदवी मागते. आता एका एजंटने त्यांना गाठलंय. परीक्षा नाही, अभ्यास नाही. बायोडेटा आणि पैसे द्या, परदेशी विद्यापीठाची बीबीए घरपोच! त्याने पाठवलेली नमुना मार्कशीट मी नीट पाहिली. उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाची जागा कोरी. विचारलं तर म्हणे, "तुम्ही सांगाल ते वर्ष टाकू." तिथेच मनात पाल चुकचुकली.

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६, कलम २२ प्रमाणे आपल्याकडे पदवी कोणी द्यायची हे ठरलेलं आहे. अमेरिकेतली काही चांगली कॉलेजं अनुभव तपासून थोडे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) देतात, हेही खरं. पण नुसत्या बायोडेटावर अख्खी पदवी?

परदेशी विद्यापीठाची मान्यता कशी तपासता? आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बीकॉम केलेलं कुणी आहे का? अंधेरीजवळचं अभ्यासकेंद्र सुचवा. भाऊजी याच आठवड्यात ॲडव्हान्स भरायला निघालेत, तेव्हा कृपया लवकर सांगा.