प्रस्तावना शेवटी लिहा

"आदल्या रात्रीपर्यंत एक ओळ सुचत नाही, मी आळशीच आहे" हे निबंध जमा करण्याबद्दलचं तुमचं वाक्य मनाला लागलं. आळशी हा शब्द आधी काढून टाका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेवेळची चालढकल कमी झाली. स्वतःला बोल लावत बसलं की वही उघडायचीच भीती वाटते, एम.ए.ची दोन वर्षं मी हे अनुभवलंय.

माझी गाडी कायम प्रस्तावनेवर अडायची. मग एकदा मैत्रिणीला समोर बसवून विषय समजावून सांगितला, ते बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं, बोलीभाषेतच उतरवलं. दीड पान झालं! शुद्धलेखन, संदर्भ सगळं नंतर. प्रस्तावना अगदी शेवटी लिहिली, कारण आपल्याला काय म्हणायचंय हे तोवर मलाच कळलं होतं. २५ मिनिटांचा गजर लावूनही काम होतं, पण गजर घड्याळाचा हवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

तुमचा विषय कोणता आहे? त्यातला जो भाग न बघता सांगता येईल, तिथूनच आज सुरुवात करा.