प्रतिसाद: अंकाची एकच फाइल नको, लेखागणिक वेगळी करा
दिवाळी अंकाचा सगळा मजकूर गूगल डॉक्सच्या एकाच फाइलीत ठेवला की कोणाचं काम कुठवर आलंय ते सर्वांना दिसतं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण टाइप केलेलं अक्षर उमटायलाच वेळ लागला तर मुद्रितशोधन करणारा मेटाकुटीला येतो. डॉक्सची मर्यादा १०.२ लाख अक्षरांची आहे खरी, पण फाइल त्याच्या बरीच आधी रखडू लागते. मोठे फोटो, न मिटवलेल्या टिप्पण्या, सुचवलेले बदल, हे सगळं प्रत्येकाच्या ब्राउझरला ओढावं लागतं.

तुकडे पानं मोजून पाडू नका, जबाबदारीप्रमाणे पाडा: एक लेख, एक फाइल, एक संपादक. शिवाय अनुक्रमणिकेची छोटी फाइल ठेवा, तीत प्रत्येक लेखाचा दुवा आणि तो सध्या कोणाकडे आहे त्याचं नाव. मजकूर पक्का झाला की लेख उतरवून (डाउनलोड करून) घ्या आणि लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरच्या मास्टर डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या मुख्य फाइलीत, जोडा. पृष्ठक्रमांक सलग येतात. मात्र 'उपशीर्षक' या शैलीचं (अक्षराचा आकार, ठळकपणा वगैरे ठरवणाऱ्या तयार साच्याचं) नाव प्रत्येक फाइलीत हुबेहूब तेच हवं, तरच मास्टरमधली मांडणी सगळीकडे लागू होते. हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. फोटो अगदी शेवटी घाला, तोवर त्यांच्या जागी फक्त फोटोच्या फाइलीचं नाव लिहा.